फ्रेंच भाषेचा उत्सव कोणाचा?

२० मार्च म्हटला की आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांपुढे महाडचे चवदार तळे उभे राहते. १९२७ साली त्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले आणि शतकानुशतकांची गुलामी हादरली. हाच २० मार्च जगभर फ्रेंचभाषिकांचा दिवस म्हणूनही साजरा होतो. १९७० मध्ये याच तारखेला आफ्रिकेतील नायजर देशात, नियामे शहरी, फ्रेंचभाषिक देशांच्या सहकार्य संस्थेचा करार झाला. तारखा जुळल्या हा योगायोग. परंतु भाषेचा उत्सव कोणाच्या नावाने करायचा, हा प्रश्न योगायोगाचा नाही.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात लाफायेट नावाचे शहर आहे. तेथे १९८७ पासून एप्रिलच्या अखेरीस फ्रेंचभाषिक जगाचा कलामहोत्सव भरत आला आहे. भर बाजारपेठेत, पाच दिवस, प्रवेश फुकट. आफ्रिका, हैती, क्युबेक, फ्रान्स येथील गायक-वादक येतात. गावकरी स्वयंसेवक राबतात. खर्चासाठी महोत्सवाचे बिल्ले आणि शीतपेये विकली जातात. तिकीट नाही म्हणजे दारावर पहारेकरी नाही. पिढ्यानपिढ्या दाराबाहेर ठेवलेल्या माणसांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मात्र या गाण्याबजावण्यामागे कायद्याची जी कलमे आहेत ती वाचली पाहिजेत. फ्रेंच राजाने १७२४ साली लुइझियानासाठी 'कोड नुआर', म्हणजे काळ्यांसाठीचा कायदा, लागू केला. त्यात गुलाम माणूस ही जंगम मालमत्ता ठरली. आमच्याकडे मनुस्मृती होती, त्यांच्याकडे हा होता. पुढे हैतीच्या गुलामांनी बंड करून नेपोलियनच्या फौजेला पाणी पाजले. अमेरिकेतील साम्राज्याचे स्वप्न विरू लागले तेव्हा त्याने १८०३ साली लुइझियाना विकून टाकला. पुढच्याच वर्षी हैती स्वतंत्र झाला. १७८९ च्या क्रांतीने समतेची घोषणा दिली खरी, पण १७९४ मध्ये रद्द झालेली गुलामगिरी १८०२ मध्ये नेपोलियनने परत आणली. ती कायमची जायला १८४८ उजाडले.

लुइझियानात फ्रेंच बोलणारे दोन मोठे समाज. एक केजन, म्हणजे १७५५ पासून ब्रिटिशांनी कॅनडातील अकाडियातून हुसकावलेले गोरे शेतकरी. दुसरे क्रिओल, त्यांत गुलामांचे वंशज असलेले काळे लोक मोठ्या संख्येने. १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत केवळ इंग्रजी सक्तीची केली. घरची भाषा तोंडातून निघाली की पोरांकडून 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' असे शेकडो वेळा लिहून घेतले जाई. त्या पोरांनी मोठेपणी आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले. भाषा अशी मारली जाते.

१९६८ मध्ये फ्रेंचच्या पुनरुज्जीवनासाठी सरकारी मंडळ झाले आणि १९७४ च्या नव्या राज्यघटनेने लोकांचा आपली भाषा व संस्कृती जपण्याचा हक्क मान्य केला. वकील म्हणून आम्हाला हे कलम मोलाचे वाटते. पण कलम मिळाले म्हणून प्रतिष्ठा मिळत नाही. मंडळाने शिक्षक आणले ते फ्रान्स, बेल्जियम, क्युबेकहून. वर्गात शिकवली गेली प्रमाण फ्रेंच. केजन आजीची बोली गावंढळ ठरली, तर काळ्या क्रिओलांची भाषा ही मोडकीतोडकी फ्रेंच समजली गेली. पायरीखाली पायरी, आणि तळाशी तोच माणूस! 'शुद्ध बोल' म्हणून ज्याला वर्गात हसले गेले, त्या आपल्या वस्तीतल्या पोराला हे ओळखीचे वाटेल.

तळातल्या माणसाने काय केले? त्याने झायडेको संगीत घडवले. क्लिफ्टन शेनिए हा कुळाने शेती करणाऱ्या बापाचा मुलगा. उसाच्या मळ्यात राबलेल्या या माणसाने अकॉर्डियनवर आफ्रिकेचा ताल आणि ब्लूजचा हुंदका एकत्र आणला. कपडे घासायच्या पत्र्यावर ताल धरण्याची रीत होती; तोच पत्रा वाकवून, छातीवर अडकवून त्याचे वाद्य केले. मालकाच्या घरचे धुणे ज्या वस्तूवर धुतले, तीच वस्तू रंगमंचावर आली. हे संगीत मरू नये म्हणून ओपेलुसासजवळच्या प्लेझन्स गावी १९८२ पासून शेतात झायडेकोचा वेगळा महोत्सव सुरू झाला. लाफायेटच्या महोत्सवापेक्षा तो जुना आहे हे मुद्दाम सांगतो, कारण पर्यटनाच्या जाहिराती तळापासून सुरुवात सांगत नाहीत.

म्हणून असे उत्सव बंद करा असे आम्ही म्हणत नाही. उलट ते व्हावेत, रस्त्यावर व्हावेत, फुकट व्हावेत. आमचा आक्षेप नाच दाखवून हिशेब लपवण्याला आहे. हैतीने स्वातंत्र्य मिळवले तर फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून त्याच्याकडेच १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. पुढे ती ९ कोटींवर आली. गुलामांनी स्वतःच्या सुटकेची किंमत मालकांना चुकती करायची! हैतीचा ढोल वाजतो त्या मंचावर हा आकडाही बोलला गेला पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडच्या परिषदेत फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता. आणि त्याच बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. फ्रान्सकडे पाहण्याची ही आंबेडकरी रीत आहे. अभ्यास करायचा, आरती ओवाळायची नाही.

मुंबई-पुण्यात अलियाँस फ्रान्सेझमध्ये मार्च महिन्यात फ्रेंचभाषिक दिनाचे कार्यक्रम होतात. चित्रपट, गाणी, खाद्यपदार्थ. आपली मुले-मुली आता तेथे फ्रेंच शिकतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी आयोजकांकडे एक तास मागून घ्यावा: पॅरिसच्या चित्रपटाशेजारी शेनिएचे झायडेको ऐकवा, हैतीचे १८०४ सांगा, कोड नुआरची कलमे वाचा. तो तास मिळाला तर आम्ही महाडहून थेट तेथे येऊ.