वर्गणी कोणाच्या नावाने?

वसई-विरारला वर्गणीचे वावडे कधीच नव्हते. गणेशोत्सव असो, गावदेवीची जत्रा असो, चर्चचा सण असो की क्रिकेटचे सामने, पावतीपुस्तक दारात येते आणि बहुतेक घरे ते रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. अलीकडे पावतीपुस्तकाची जागा मोबाइलवरच्या क्यूआर कोडने घेतली. कोणाचे डायलिसिस, कोणाचे ऑपरेशन, कोणाची इंजिनीअरिंगची फी अशी आवाहने सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर येत असतात. उद्या याच गटावर बारावी झालेल्या एखाद्या मुलीचे आवाहन आले, की मी वर्षभर परदेशात जाऊन स्वयंसेवक म्हणून काम करणार आहे, विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि संस्थेची फी मिळून लाखांत खर्च आहे, आपला खारीचा वाटा द्यावा, तर काय करायचे? ब्रिटनमध्ये हा प्रकार जुना आहे. स्कॉटलंडच्या कॉल बेटावरची प्रोजेक्ट ट्रस्ट ही संस्था 1967 पासून शाळा संपलेल्या मुलांना परदेशी पाठवते, आणि खर्चाचे पैसे मुलांनी स्वतः हिंडून जमवणे हा तिथे तयारीचाच भाग मानला जातो. आपल्याकडे मिलाप आणि केटोसारखी संकेतस्थळे गेल्या दशकात रुळल्यापासून अनोळखी माणसांकडे हात पसरण्याचा संकोचही कमी झाला आहे. अशा आवाहनाला पैसे द्यावेत, असेच माझे मत आहे. मात्र ते मुलीच्या शिक्षणासाठी द्यावेत, गरिबांच्या सेवेसाठी म्हणून नव्हे. मागणाऱ्याने मागतानाच तसे सांगावे आणि देणाऱ्याने देताना तसे समजून द्यावे.

हा फरक केवळ नाव बदलण्याचा नाही. अठरा वर्षांचे, हाती कोणतेही कौशल्य नसलेले, भाषा न येणारे मूल परक्या देशात वर्षभरात किती उपयोगी पडते, याचा अनुभव जगाच्या गाठीशी साठ-सत्तर वर्षांचा आहे. ब्रिटनमध्ये व्हीएसओ ही संस्था 1958 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची पहिली तुकडी शाळा संपवून विद्यापीठात जाण्याच्या बेतात असलेल्या मुलांचीच होती. काही वर्षांतच संस्थेने पदवीधर घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तर शिक्षक, परिचारिका, अभियंते अशा अनुभवी लोकांवर भर दिला. कारण बोलावणाऱ्या देशांना उमेदवारी करणारी मुले नको होती, कामाची माणसे हवी होती. अमेरिकेच्या पीस कॉर्पचे स्वयंसेवक 1961 ते 1976 या काळात भारतात होते. त्यातले बरेच जण नुकतेच पदवी घेतलेले, काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर कुक्कुटपालन किंवा शेतीचे सल्ले द्यायला आलेले. आम्ही दिले त्याहून अधिक घेऊन गेलो, असे त्यांच्या आठवणींत वारंवार वाचायला मिळते. हा विनय नाही, हिशेबच आहे. जर्मनीने तो उघडपणे मांडला. तिथल्या सरकारने 2008 मध्ये ‘वेल्टवेर्ट्स’ ही 18 ते 28 वयोगटासाठीची योजना सुरू केली. परदेशी पाठवलेल्या मुलाच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते आणि मूल तिथे शिकायला जाते आहे, हे योजनाच मान्य करते. आपली मुले जगाचे भले करून येतील असा दावा न करता ती शहाणी होऊन येतील म्हणून करदात्यांचे पैसे खर्च करणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

सेवेसाठीच वर्गणी काढून माणसे परदेशी पाठवल्याचे उदाहरण आपल्याकडे नाही असे नाही, आणि ते मराठी माणसाला चांगले ठाऊक आहे. जपानशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 30 जून 1938 रोजी आवाहन केले आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात देशभर ‘चीन दिन’ पाळून 22 हजार रुपये उभे राहिले. त्या पैशांवर आणि लोकांच्या सदिच्छेवर पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबरमध्ये मुंबईहून निघाले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे चोळकरही. ही वर्गणी निखळ सेवेची होती, कारण बोलावणे समोरून आले होते, जाणारे डॉक्टर होते आणि काय करायचे ते निघण्यापूर्वी ठरले होते. कोटणीस तिथे चिनी शिकले, रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. बारावी झालेल्या मुलीने कोटणिसांचे नाव घेऊन पैसे मागितले तर तिला एवढेच विचारावे, तुला कोणी बोलावले आहे? बहुतेक वेळा उत्तर एकच असेल: एका संस्थेच्या संकेतस्थळावर जागा रिकामी होती आणि फी भरली की ती मिळते.

मदत घेणाऱ्याच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो, हे पालघर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. 1992-93 मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर जव्हार-मोखाड्याकडे मदतीच्या गाड्या वळल्या, त्या आजही वळतात. दिवाळीच्या आसपास फराळ, चादरी, वह्या घेऊन मंडळी येतात, आश्रमशाळेच्या अंगणात मुलांना रांगेत उभे करतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. त्यांच्या मनात काही वाईट नसते. पण त्या मुलांना चादरींइतकीच गणिताच्या शिक्षकाची गरज असते, आणि तो गाडीतून आणता येत नाही. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम केले. दोघीही बाहेरून आलेल्या, पण दोघीही शिक्षणाच्या कामात आधीच मुरलेल्या. अनुताई पुढे हयातभर तिथेच राहिल्या, म्हणून त्या कामाला आकार आला. वसईचे संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात, आजच्या बारावीच्या मुलांहूनही लहान वयात जेझुइटांबरोबर जपानला गेले. त्यांच्या श्रद्धेबद्दल वेगळे बोलायला हवे, पण तिथे त्यांची मातबरी होती ती जपानी भाषेमुळे. 1593 मध्ये जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलेल्या फ्रान्सिस्कन शिष्टमंडळाला त्यांची गरज पडली ती दुभाषा म्हणून, आणि त्याआधी त्यांची कित्येक वर्षे जपानमध्ये गेली होती. भाषा न येता पोहोचलेल्या मुलाच्या हाती एक वर्ष असेल, तर त्यातले निम्मे तर भाजी कशी मागायची आणि बस कुठे थांबते हे कळण्यातच जाणार.

सेवेच्या नावाने होणारी फसगत इतकी निरुपद्रवी राहिली असती तरी चालले असते. पण फी भरून येणाऱ्या स्वयंसेवकांची एक बाजारपेठ तयार झाली आणि तिने अनाथाश्रमांना हाताशी धरले. कंबोडियात सरकार आणि युनिसेफने 2011 मध्ये केलेल्या पाहणीत, अनाथालयांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. पर्यटक आणि स्वयंसेवक येत होते, देणग्या देत होते, म्हणून अशा संस्था वाढत होत्या. आणि संस्था वाढल्या म्हणून खेड्यांतली मुले घरांतून उचलली जात होती. नेपाळमध्येही हेच घडले. महिन्या-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या ‘दीदी’शी जीव जडवायचा आणि तो पुन्हा तोडायचा, हे त्या मुलांच्या वाट्याला येते ते वेगळेच. म्हणून लहान मुलांच्या वसतिगृहात वा अनाथालयात काम देणाऱ्या, पोलिस पडताळणी न मागणाऱ्या आणि फीचा तपशील न सांगणाऱ्या संस्थेसाठी कोणी वर्गणी मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नये. इथे मुलीच्या उत्साहाची भीड बाळगायची नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. सेवाच करायची तर मोखाड्याला जा, काही तासांत पोहोचशील, विमान कशाला हवे? सेवेचा प्रश्न असेल तर या आक्षेपाला उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. वसई तालुक्यातल्याच उसगावात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांच्या मुक्तीचे काम उभे केले, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचा ‘निर्माण’ हा उपक्रम 2006 पासून तरुणांसाठी चालतो, सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे. यांपैकी कुठेही जायला व्हिसा लागत नाही. पण हाच आक्षेप शिक्षणाला लावला तर तो लटका ठरतो. एमएस करायला अमेरिकेला निघालेल्या मुलाला आपण विरारलाच शीक असे म्हणत नाही. परक्या मुलखात अल्पसंख्य होऊन राहणे, दुसऱ्याच्या हाताखाली म्हाताऱ्यांची ताटे धुणे, आपला धर्म, जात, मार्क यांपैकी काहीच माहीत नसलेल्या लोकांत स्वतःची किंमत नव्याने कमावणे, हे शिक्षण घरी मिळत नाही. पदवीच्या कागदापेक्षा ते कमी मोलाचे आहे, असे मला तरी वाटत नाही. तेव्हा परदेशी जाण्याचे समर्थन करायचे असेल तर ते शिक्षण म्हणूनच करता येते. सेवा म्हटले की मोखाडा आडवा येतो, आणि यायलाच हवा.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. शिक्षणासाठी म्हटले तर लोक पैसे देणार नाहीत, गरिबांची मुले दाखवली की देतात. हे खरे असेल तर ते ढळढळीत सांगितले गेलेलेच बरे, कारण मग दाखवल्या जाणाऱ्या त्या मुलांना जाहिरातीचे पैसे मिळायला हवेत. पण वसईबाबत तरी हे पटत नाही. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी ज्या गावाने 1918 मध्ये बॅसीन कॅथॉलिक बँक काढली, त्या गावाला दान वेगळे आणि पुढे उभे राहण्यासाठी दिलेला आधार वेगळा हे समजते. शिवाय प्रामाणिकपणाला कायद्याचीही बाजू आहे. गणेश मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाकडून कलम 41 क खाली परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. सार्वजनिक सेवेच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या एकट्या व्यक्तीला ही चौकट नको, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? व्यक्तीला दिलेल्या पैशांवर देणगीदाराला 80 जी ची सवलत मिळत नाही. आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात 50 हजारांहून अधिक रक्कम आली तर आयकर खात्याच्या दृष्टीने ते घेणाऱ्याचे उत्पन्न ठरते. करखात्याला जे दिसते ते शेजाऱ्यांनाही दिसायला हरकत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती वेगळीच गोष्ट, आणि तिच्यावर फारसे कोणी बोलत नाही. वर्गणी कोणाला मिळते? ज्याचा पॅरिश मोठा, ज्याचे काका आखातात, ज्याच्या आईच्या ओळखी, ज्याला इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता येतात, त्याला. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत राहून बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाच्या संपर्कयादीत शंभर रुपये देऊ शकणारी माणसे तरी किती असतील? त्याच्याकडे वर्ष ‘वाया घालवण्याची’ सोय नाही. घरात कमावता हात हवा असतो, आणि वर्ष गेले की कॉलेज प्रवेशाला गॅप सर्टिफिकेटचे प्रतिज्ञापत्र जोडत बसावे लागते. आपल्याकडे बारावीनंतरचे रिकामे वर्ष समाजमान्य आहे ते फक्त नीट-जेईईच्या ‘ड्रॉप’साठी. एकेका मुलाने आपापला क्यूआर कोड फिरवण्याची पद्धत रूढ झाली तर परदेशातले हे शिक्षणही वसईच्या पश्चिमेकडल्या बागायती पट्ट्यापुरते राहील. त्यापेक्षा इथल्या सहकारी बँका, पतपेढ्या, चर्च, मंदिर-न्यास आणि रोटरी क्लब यांनी मिळून एक निधी काढावा, दरवर्षी मोजक्या मुलांची निवड करावी, त्यातली निम्मी ज्यांच्या घरी पैसे नाहीत अशी असावीत, आणि जमा-खर्च छापावा.

राहता राहिला आदर्शवादाचा मुद्दा. अठराव्या वर्षी जग बदलायची उमेद नसेल तर कधी असायची, आणि तुम्ही पावत्या मागता, असे म्हणणारे म्हणतील. उमेद असू दे. तिचा भाव लावून विकणाऱ्या संस्थांबद्दल मी बोलतो आहे, आणि पावत्या मागितल्याने ज्याची उमेद मावळते तो वर्षभर परक्या देशात टिकेल असे वाटत नाही.

अशा निधीने सुरुवात करायची तर ज्या देशांत यजमानच राहण्या-जेवणाचा भार उचलतो तिथून करावी. जर्मनीने वेल्टवेर्ट्समध्ये 2013 पासून उलटी वाटही मोकळी केली; आपल्यासारख्या देशांतली मुले तिथल्या वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांत वर्षभर काम करू शकतात, आणि त्यांना राहायची सोय व हातखर्च मिळतो. तिथे फी भरून सेवा विकत घ्यायची नसते, यजमान संस्थेचे बोलावणे असते. अट आहे ती कामापुरती जर्मन येण्याची. वर्गाला जाऊन तेवढी भाषा यायला सहा-आठ महिने लागतातच. हे महिने निधीने निवडलेल्या मुलांनी जव्हार, मोखाडा किंवा विक्रमगडच्या एखाद्या आश्रमशाळेत, तिथल्या मुख्याध्यापकांनी मागितलेल्या कामावर घालवावेत, भाषेचा वर्ग संध्याकाळी मोबाइलवर करावा, आणि त्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय चांगला आला तरच तिकीट काढावे. वसई-विरारच्या महाविद्यालयांनी अशा मुलांची प्रथम वर्षाची जागा एक वर्ष राखून ठेवायची तयारी दाखवली, तर प्रतिज्ञापत्राची कटकटही संपेल.