विश्लेषण : कंपनी स्वतःचीच, मग पगार घ्यायचा की गरजेपुरती ‘उचल’?

गोंदियाची ओळख तांदळाचे शहर अशी आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण बरेचसे धानाच्या भरडाईभोवती फिरते. राइस मिल बहुधा कुटुंबाची असते. मालक वडील, हिशेब मुलाकडे आणि गल्ला दोघांचा. बँकेचे कर्ज, पुढच्या पिढीतली वाटणी, घरदार धंद्याच्या देण्यातून बाजूला ठेवण्याची गरज अशा कारणांनी यातले काही व्यवसाय ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतात. पाटी बदलते, पण लागतील तसे पैसे काढण्याची सवय सहसा बदलत नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

मालकीच्या धंद्यात मालक स्वतःला पगार देऊ शकत नाही. तो काढतो ते पैसे खर्च नसून त्याचाच नफा असतो. भागीदारीत काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना देता येतो, पण त्यावर प्राप्तिकर कायद्याची मर्यादा आहे. कंपनीचे तसे नाही. कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती आहे. सगळे शेअर एकाच माणसाकडे असले तरी कंपनीच्या खात्यातला पैसा त्याचा होत नाही. तो घरी न्यायचे मार्ग मुख्यतः दोनच, संचालक म्हणून पगार किंवा भागधारक म्हणून लाभांश.

आकड्यांत फरक किती?

समजा, एका मिलच्या कंपनीला मालकाचा पगार धरण्याआधी २० लाख रुपये नफा झाला. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला आहे. अधिभार आणि उपकर मिळून तो २५.१६८ टक्के होतो. मालकाला घरखर्चासाठी वर्षाला १२ लाख हवेत आणि त्याला दुसरे उत्पन्न नाही.

पगार न घेतल्यास कंपनी पूर्ण २० लाखांवर ५,०३,३६० रुपये कर भरेल. उरलेल्या १४,९६,६४० रुपयांतून १२ लाख लाभांश दिला की कंपनीत २,९६,६४० रुपये राहतील. उलट, महिना एक लाख पगार घेतला तर तो कंपनीचा खर्च ठरतो. नफा ८ लाखांवर येतो, कर २,०१,३४४ रुपये लागतो आणि कंपनीत ५,९८,६५६ रुपये उरतात. घरी दोन्ही वेळा १२ लाखच गेले, फरक मात्र ३,०२,०१६ रुपयांचा पडला.

हे शक्य झाले ते २०२५ च्या अर्थसंकल्पामुळे. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याची मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. ही वजावट लाभांशाला नाही. शिवाय १२ लाखांच्या लाभांशावर कंपनीला आधी १० टक्के टीडीएस कापावा लागेल आणि मालकाला विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागेल. २०२० पूर्वी लाभांशाचा कर कंपनीच भरत असे. ती पद्धत गेली आणि लाभांश आता घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजला जातो, हे अनेक छोट्या कंपन्यांच्या अजून अंगवळणी पडलेले नाही. अर्थात भाडे किंवा व्याजाचे उत्पन्न असेल, तर वरचे गणित बदलते.

‘उचल’ घेतली तर काय बिघडते?

तिसरा, आणि बहुधा सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे उचल. मुलीची फी आली, काढले दोन लाख. लग्न आले, काढले आठ. मुनीम ते ‘संचालकाच्या खाती’ टाकतो आणि मार्चमध्ये सीए डोके धरून बसतो. मालकाने पूर्वी कंपनीला उसने दिलेले पैसे तो परत घेत असेल तर प्रश्न नाही. पण खात्यात त्याचे काही येणे नसताना काढलेली रक्कम कर्ज ठरते.

किमान १० टक्के मताधिकार असलेल्या भागधारकाला अशा कंपनीने कर्ज दिले, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम लाभांश मानून कर लावता येतो. पैसे नंतर परत केले तरी सुटका होतेच असे नाही. त्याच वर्षी कर्ज फेडले तरी ते लाभांशच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले होते. म्हणजे पैसा परतही करायचा आणि त्यावर करही भरायचा! कंपनी कायद्याचे कलम १८५ संचालकाला कर्ज देण्यावर वेगळी बंधने घालते. काही खासगी कंपन्यांना त्यातून सूट आहे, पण अटींसह.

बिल थकले आणि पगार काढलाच नाही, तर?

गोंदियासाठी हा सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. सरकारी धानाची भरडाई करणारी मिल साध्या तांदळासाठी क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करते. तिचे बिल नंतर निघते आणि ते थकल्याने मिलमालकांनी भरडाईला नकार दिल्याचे प्रसंग पूर्व विदर्भात घडले आहेत. अशा वेळी मालक आधी मजुरांची मजुरी आणि विजेचे बिल भागवतो. स्वतःचा पगार कागदावरच राहतो.

पण पगारावरचा कर तो हातात आला की नाही हे पाहत नाही. पगार देय झाला की उत्पन्न झाले. टीडीएस प्रत्यक्ष पैसे देताना कापायचा असला, तरी विवरणपत्रात तो पगार दाखवावाच लागतो. देय झालेला पगार नंतर ‘सोडून दिला’ म्हणूनही कर टळत नाही. पगार कमी करायचा असेल तर तसा ठराव महिना सुरू होण्याआधी व्हायला हवा. म्हणून भरडाईवर चालणाऱ्या कंपनीने महिन्याचा पगार बेताचा ठेवून हंगामाअखेर बोनसची तरतूद करणे जास्त व्यवहार्य दिसते. लाभांश नफ्यातूनच देता येतो. पगाराला ती अट नाही, म्हणून तोट्याच्या वर्षीही घर चालू शकते.

कागद कोणते लागतात?

संचालक मंडळाचा ठराव, नेमणुकीचा लेखी करार, दर महिन्याला बँकेतून रक्कम. दिवसाला एका व्यक्तीला १० हजारांहून जास्त रोख दिल्यास तो खर्च वजावटीतून बाद होतो. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये.

‘पगार’ हा शब्द इथे नीट वापरायला हवा. राजस्थानच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाने २०२० मध्ये संचालकांच्या मोबदल्यावर कंपनीनेच जीएसटी भरावा असे म्हटल्याने खळबळ उडाली होती. १० जून २०२० च्या परिपत्रकाने खुलासा केला, की नोकरीच्या करारानुसार दिलेल्या पगारावर जीएसटी नाही. तीच रक्कम ‘सल्ला शुल्क’ म्हणून दिली तर मात्र आहे, आणि १० टक्के टीडीएसही.

पत्नीचे काय? अनेक घरांत ती कागदोपत्री संचालक असते. तिला तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञानाविना पगार दिला आणि पतीचा कंपनीत नातेवाइकांसह २० टक्के मताधिकार असेल, तर तो पगार पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. ती खरोखर हिशेब सांभाळत असेल, तर तिची पात्रता आणि अनुभव दाखवणारे कागद आधीच फायलीत हवेत. नातेवाइकाला कामाच्या मानाने अवाच्या सवा पगार दिला, तर जास्तीचा खर्च अधिकारी नाकारू शकतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वरची तत्त्वे मात्र कायम आहेत. गृहकर्जासाठी बँका मागतात तो कागद, ज्याला आजवर सगळे ‘फॉर्म १६’ म्हणत आले, तोही पगार घेणाऱ्यालाच मिळतो. उचल घेणाऱ्या मालकाकडे दाखवायला फक्त खातेवही असते.