रविवारचे खेडे

बंगळुरूकर जे खेडे शोधत पन्नास वर्षे रामनगरला जात आहेत, ते खेडे कधी नव्हतेच. 'शोले'तले रामगढ रामदेवर बेट्टाच्या पायथ्याशी उभारले ते कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. चित्रीकरण 1973 साली सुरू झाले, चित्रपट 15 ऑगस्ट 1975 रोजी आला आणि सेट उतरवला गेला. तरीही आजही माणसे गाड्या लावून विचारतात, 'ठाकूरचे घर कुठे होते?' शेजारच्या तुतीच्या शेतात काम करणारी बाई हात वर करून खडकांकडे दाखवते. तिच्या शेताबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

म्हैसूर रस्त्याची ही सहल आता ठरून गेली आहे. बिडदीला तट्टे इडली, रामनगरला खडक, चन्नपट्टणला लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी, दुपारी एखाद्या शेतघरी केळीच्या पानावर रागीमुद्दे, अंधार पडायच्या आत घर. जाऊ नका, असे मी म्हणणार नाही. माझे भांडण आहे ते परतीच्या वाटेवर हमखास निघणाऱ्या एका वाक्याशी : 'किती छान, शांत खेडे!' हे वाक्य खोटे आहे, आणि ते निरुपद्रवी नाही.

खोटे का, ते आधी सांगतो. रामनगर हे देशातल्या रेशीम-कोषांच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. इथल्या ज्या घरांत अळ्या वाढतात, तिथे शांतता नसते. पाला वेळेवर पडावा लागतो, उष्मा आणि ओल सांभाळावी लागते, रोग शिरला तर महिनाभराची मेहनत उकिरड्यावर जाते. चंद्रिकेवर कोष तयार झाले की ते थोड्या दिवसांत विकावेच लागतात. पतंग कोष फोडून बाहेर आला की अखंड धागा मिळत नाही. म्हणजे शेतकऱ्याला भावासाठी थांबण्याची सोय नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली बांबूची चंद्रिका आपण 'सुंदर हस्तकला' म्हणून फोटोत घेतो, तेव्हा घरातल्या माणसाच्या डोक्यात लिलावाचा आकडा फिरत असतो.

मराठी वाचकाला तर हे परके वाटायचे कारणच नाही. जालना-बीडकडचे शेतकरी वर्षानुवर्षे आपले कोष घेऊन याच बाजारात येत आले. जालन्यात स्वतःची कोष बाजारपेठ सुरू झाली ती 2018 साली. आठ-नऊशे किलोमीटरचा प्रवास करून मराठवाड्यातला माणूस रामनगरात लिलावाला उभा राहायचा, आणि तेवढ्याच वेळात बंगळुरूतला मराठी माणूस त्याच गावात गब्बरचा खडक शोधत असायचा. दोघांची भेट होण्याचे काही कारण घडले नाही. मराठी मंडळांच्या सहलींत बाजार बसत नाही. बाजाराला वास असतो.

'छान' या शब्दात आणखी एक गोष्ट झाकली जाते. शेतघराचा मालक जे गाव दाखवतो, ते देवळापासून तळ्यापर्यंतचे. गावाबाहेरची केरी त्या फेरीत येत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी सुशिक्षितांच्या या खेडेप्रेमाचा समाचार घेतला होता. खेड्याला त्यांनी संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर ठरवले होते. त्याआधी 1915 साली त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा'त बलुते, वतने, सावकारी हे सगळे हिशेबासारखे मांडले होते. मराठीत खेड्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची परंपरा आहे. ती असताना आपण हुरडा पार्टीची नजर घेऊन कर्नाटकात का फिरतो?

आता उपद्रवाबद्दल. ज्या जागेकडे 'निसर्गरम्य' म्हणून पाहिले जाते, ती कोणाचे तरी कामाचे ठिकाण आहे हे नजरेआड होते. मग ती जागा 'रिकामी' वाटू लागते, आणि रिकामी जागा घ्यायला शहराला फार वेळ लागत नाही. बिडदीजवळच्या भैरमंगल तलावात वृषभावती नदी येते, ती बंगळुरूचे सांडपाणी घेऊन. त्याच परिसरात नव्या उपनगरासाठी हजारो एकर जमीन घेण्याची योजना आहे आणि शेतकरी तिच्याविरुद्ध उभे आहेत. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रामनगर जिल्ह्याचे नावच 'बंगळुरू दक्षिण' केले. जिल्ह्याच्या नावात आता शहर आहे. गाव राहिले आहे ते आपल्या फोटोंत.

कोणी म्हणेल, एका दिवसाच्या सहलीवर एवढा भार कशाला? आपण गेल्याने चार पैसे गावात जातात, चन्नपट्टणच्या कारागिराचे खेळणे विकले जाते. खरे आहे, आणि त्या खेळण्याची घासाघीस न करता किंमत द्या, असेही मी म्हणेन. पण पैसे दिले म्हणजे ओळख झाली असे नव्हे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले ते महिनोन्‌महिने, तेव्हा त्यांना त्या गावातली भांडणे, कर्जे आणि रुसवे कळले. आपल्याकडे एक दिवस आहे. एका दिवसात खेडे समजत नाही. पण ते 'छान' आहे असा निकाल देण्याचे टाळता तर येते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला काय घडले तेही पाहा. देवनहळ्ळी तालुक्यात विमानतळ 2008 साली सुरू झाला. पुढे चन्नरायपट्टण होबळीतल्या 13 गावांची 1,777 एकर जमीन एरोस्पेस उद्योगासाठी घेण्याचे ठरले. रागी, द्राक्षे, भाज्या पिकवणारी ही जमीन. तीन वर्षांहून अधिक काळ तिथले शेतकरी, त्यांत बायकाही, धरणे धरून बसले. 15 जुलै 2025 रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांना भूसंपादन मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले; स्वखुशीने देणाऱ्यांचीच जमीन घेऊ, असे ते म्हणाले. ती गावे वाचली ती सुंदर होती म्हणून नव्हे. तिथल्या माणसांनी 'ही आमची रोजीरोटी आहे' हे वाक्य सोडले नाही, म्हणून. त्याच तीन वर्षांत रविवारी नंदी हिल्सचा सूर्योदय पाहायला जाणाऱ्या गाड्यांच्या रांगा त्याच तालुक्यातून जात होत्या. त्यांतल्या किती धरण्याच्या मंडपापाशी थांबल्या?

म्हणून सहल करायचीच तर ती रविवारी नको, कामाच्या दिवशी करा. रामनगरात सकाळी कोष बाजारात जा आणि आजचा भाव काय, कालचा काय होता, एवढे दोनच प्रश्न विचारा. कन्नड येत नसेल तर हे दोन प्रश्न कन्नडमध्ये शिकून जा. या शहराने आपल्याला पोटाला लावले आहे, तेवढे देणे लागतोच. आणि परत आल्यावर मंडळाच्या अंकात सहलीचे वर्णन लिहाल, तेव्हा हिरवळ, गारवा, साधीभोळी माणसे हे तिन्ही शब्द गाळून लिहून पाहा. साधीभोळी माणसे तीन वर्षे धरणे चालवत नाहीत.