भुताच्या गोष्टीला सांगणारा असतो, अफवेला नसतो

#थ्रेड

१/
दरवर्षी ऑक्टोबर सरत आला आणि हॅलोविनची छायाचित्रे झळकू लागली की दोन निवाडे ठरल्यासारखे ऐकू येतात. पहिला असा की भीतीचा उत्सव करणे हे परदेशी खूळ आहे. दुसरा असा की भुताच्या गोष्टी सांगणे हीच मुळात अंधश्रद्धा आहे. पहिला निवाडा संस्कृतिरक्षकांचा, दुसरा स्वतःस विवेकी म्हणवणाऱ्यांचा. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे दोन पक्ष येथे एकाच चुकीपाशी येऊन बसतात.

२/
ती चूक ही की दोघांचीही नजर भुतावर खिळलेली असते आणि गोष्ट सांगणारे माणूस त्यांना दिसतच नाही. गोष्ट कोणी सांगितली, कोणाला सांगितली, कोणत्या दिवसांत सांगितली आणि ती संपली कशी, हे विचारले तर वेगळेच चित्र उभे राहते. घरगुती भयकथा हा अनेक समाजांनी नियमांनी बांधून ठेवलेला व्यवहार आहे. ते नियम तुटतात तेव्हा काय घडते, याचाही पुरावा इतिहासात आहे.

३/
प्रथम हे नियम पाहू. सतराव्या शतकातील जपानमध्ये ‘ह्याकुमोनोगातारी काइदानकाई’ नावाची बैठक रूढ होती. अर्थ सरळ आहे : शंभर भयकथांची बैठक. असाई र्योई या लेखकाच्या १६६६ सालच्या ‘ओतोगिबोको’ या ग्रंथात तिची रीत नोंदलेली आहे. काळोखी रात्र, निळ्या कागदाने मढवलेला दिवा आणि त्यात शंभर वाती. एक गोष्ट संपली की एक वात विझवायची. खोली गोष्टीगणिक अंधारत जाई.

४/
शंभरावी वात विझली की काहीतरी खरोखरच अवतरते, असा समज होता. त्यामुळे नव्याण्णव गोष्टींवर थांबण्याचा संकेतही रुजला. भीतीची मजा चाखायची, पण शेवटची वात हातची सोडायची नाही! ज्यांना ही निव्वळ अंधश्रद्धा वाटते, त्यांनी या थांबण्याकडे नीट पाहावे. कुठवर घाबरायचे, हे येथे बैठकीनेच ठरवून ठेवले आहे.

५/
जपानी भयकथेला ऋतूही आहे, तो उन्हाळ्याचा. पितरांच्या स्मरणाचा ‘ओबोन’ सण याच दिवसांत येतो. चौथ्या त्सुरुया नानबोकूचे ‘योत्सुया काइदान’ हे प्रसिद्ध भयनाट्य १८२५ च्या उन्हाळ्यातच एदो शहरात प्रथम रंगमंचावर आले. आपल्याकडे भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितर येतात, तसेच तेथेही मृतांचे येणे पंचांगात बसवलेले आहे. मृतांना यायची तिथी दिली की उरलेले वर्ष जिवंतांचे राहते.

६/
आता सांगणाऱ्याकडे वळू. लाफ्काडिओ हर्न यांचे ‘क्वाइदान’ हे जपानी भयकथांचे पुस्तक १९०४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील बऱ्याच गोष्टींमागे त्यांची पत्नी सेत्सु कोइझुमी यांचे कथन होते. सेत्सुंनी आठवणींत लिहून ठेवले आहे की दिवा मंद करून त्या गोष्ट सांगत आणि पुस्तक पाहून वाचलेले हर्न यांना चालत नसे. गोष्ट सेत्सुंच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात यावी, असा त्यांचा आग्रह असे.

७/
योगायोग असा की त्याच १९०४ साली इंग्लंडमध्ये एम. आर. जेम्स यांचा पहिला भयकथासंग्रह निघाला. जेम्स हे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील हस्तलिखितांचे जाडे विद्वान. नाताळच्या आदल्या रात्री मित्रमंडळी त्यांच्या खोलीत जमत. बहुधा त्याच दिवशी घाईघाईने लिहून काढलेले कागद घेऊन ते बाहेर येत, एक मेणबत्ती ठेवून बाकीच्या विझवीत आणि वाचायला बसत.

८/
एदोची बैठक आणि केंब्रिजची खोली यांच्यामध्ये अर्धे जग आहे. एकीने दुसरीची उसनवारी केल्याचे दिसत नाही. तरीही दोन्हीकडे ओळखीचे चेहरे, ठरलेली वेळ आणि मुद्दाम मंद केलेला उजेड आहे. तेव्हा भीतीचा हंगाम ही एका देशाची मक्तेदारी नव्हे. हॅलोविनचा भोपळा परका असेल. अंधारात मंडळींनी जमून घाबरण्याची रीत परकी नाही.

९/
कोकणाला तर हे सांगण्याची गरजच नसावी. शिमग्यात रत्नागिरीकडच्या वाड्यांतून खेळे फिरतात. त्यांच्यात संकासुर असतो : अंगभर काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, हातात दोरीचा फटका. पोरे किंचाळत पळतात आणि लगेच पुन्हा त्याच्याच मागे लागतात. गोव्यात डिचोली तालुक्यातील साळ गावी याच दिवसांत गड्यांची जत्रा भरते. त्या रात्री देवचार गड्यांना घेऊन जातो, अशी लोकांची श्रद्धा आहे.

१०/
फाल्गुन सरला की संकासुर दिसेनासा होतो. पोशाख उतरवलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी शेतात किंवा एस.टी.च्या थांब्यावर भेटतो आणि काल ज्या पोराला त्याने रडवले, त्याच्याच बापाशी पावसापाण्याचे बोलतो. ‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी शिमग्याला कोकणात जाऊन यावे.

११/
आता विवेकवाद्यांच्या आक्षेपाकडे. तो अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. पुरावा एका विलक्षण कागदपत्रात सापडतो. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी ज्या कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तो लोकसमजुतींचा संग्राहकही होता. मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या धाडून त्याने उत्तरे मागवली होती.

१२/
जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती सामग्री संकलित केली. गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये निघाला. कोकणच्या खंडात भुतांची लांबलचक यादी आहे : समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, चेडा, अळवंत, लावसट, हडळ. साहेबाला त्यात रयतेचे अज्ञान दिसले असेल. इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरे काही दिसायला हवे.

१३/
ही यादी मृत्यूंची आहे. मुंज झालेला पण सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. पाण्यात बुडालेला गिऱ्हा. बाळंतपणात दगावलेली स्त्री अळवंत. खवीस हे बहुधा मुसलमानाचे किंवा हबशाचे भूत मानले जाई. जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास ठाऊक असलेल्याला कोकणपट्टीच्या भुतांत हबशी का आला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१४/
ज्या घरांत जन्ममृत्यूची वही नव्हती, त्या घरांनी आपले अकाली गेलेले लोक असे लक्षात ठेवले. विहिरीपाशी गिऱ्हा आहे, असे आजी सांगते तेव्हा तेथे कधीतरी कोणी बुडाले होते, ही आठवण पोचते आणि तिन्हीसांजेला काठावर जाऊ नये, हा इशाराही पोचतो. ‘भूत नसते’ हे विधान खरेच आहे. पण त्या विधानाने ही वही वाचता येत नाही.

१५/
त्या खंडातही एक मोठी उणीव आहे. माहिती कोणत्या गावच्या मास्तरांनी कळवली, हे तळटीपांत सापडते. मास्तरांना ती कोणत्या म्हातारीने, कोणत्या महिन्यात, कोणापुढे सांगितली, हे मात्र कोठेच नाही. गोष्टीचे नुसते नाव आणि लक्षण उरले. आवाज, वेळ आणि श्रोते गळून पडले. फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवले आणि उडणे नोंदायचे राहिले.

१६/
सांगणारा गळून पडणे ही केवळ अभ्यासकाची अडचण नाही. ऑक्टोबर १८९६, मुंबई. प्लेगची साथ नुकतीच उघड झालेली. आर्थर रोडच्या रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, तेथे माणसांना मारून त्यांचे तेल काढतात, अशा वदंता शहरात फिरत होत्या. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा सुमारे हजारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला.

१७/
त्या भीतीमागे खरी कारणे होती. रोग्याला घरच्यांपासून बळाने तोडणारे सरकार आणि रुग्णालयातील मोठा मृत्युदर ही काही कल्पना नव्हती. तरीही तेलाची ती कथा भुताच्या गोष्टीहून वेगळ्या जातीची होती. ती नेमकी कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हते. तिला हंगाम नव्हता, शेवट नव्हता. आणि तिने बोट दाखवले ते मेलेल्यांकडे नव्हे, जिवंत माणसांकडे.

१८/
हीच जात एकशे बावीस वर्षांनी पुन्हा दिसली. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश भ्रमणध्वनींवर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. भिक्षेवर जगणारी ती माणसे होती. त्यांच्याविषयीची ‘गोष्ट’ पहिल्यांदा कोणी सांगितली? उत्तर देणारे कोणी नाही.

१९/
त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा जाहीर केली. म्हणजे बिनचेहऱ्याची भीती किती वेगाने पसरते, याची कबुली यंत्र चालवणाऱ्यांनीच दिली. आजीच्या पडवीत ही मर्यादा पहिल्यापासून होती. तिचा आवाज अंगणापलीकडे जात नसे.

२०/
आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे की त्याचे बीज १९९३ मध्ये नागझिरा अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकलेल्या नारायण धारपांच्या कथेत होते. जंगल, रात्र, मित्र आणि गोष्ट. पाव शतक ती भीती एका माणसाने मनात वागवली आणि तिचे चित्र केले.

२१/
एकाच वर्षी महाराष्ट्रात भीतीच्या दोन वाटा दिसल्या. एका वाटेवर सांगणाऱ्याचे नाव आहे, लेखकाचे आहे, जागेचे आहे. दुसरीवर पाच प्रेते आहेत आणि सांगणारा नाही. या दोहोंना ‘अंधश्रद्धा’ या एकाच गाठोड्यात बांधणे हा विवेक नव्हे. तो आळस आहे.

२२/
यावर रास्त प्रतिवाद असा की गावातल्या गोष्टीही निर्दोष नव्हत्या. खरे आहे. सातपुड्याच्या पाड्यांत डाकीण ठरवून कितीतरी बायकांचा छळ झाला, जीवही गेले. खविसाच्या कल्पनेतही परक्याविषयीचा आकस आहेच. पण अनर्थ कोठे सुरू होतो, ते पाहावे. गोष्टीतली हडळ गोष्टीत राहते तोवर कोणी मरत नाही. ‘ती अमक्याची बायको’ असे म्हटले गेले की ती गोष्ट उरत नाही. तो आरोप होतो.

२३/
महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही हीच रेघ ओढतो. भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारहाण करणे, अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणे आणि दहशतीत ठेवणे हे त्याने गुन्हे ठरवले. ज्या कायद्याच्या मागणीसाठी नरेंद्र दाभोलकर अखेरपर्यंत झटले, त्या कायद्याने कंदिलाभोवती बसून सांगितलेल्या गोष्टीला हात लावलेला नाही. कायद्याला कळलेला हा भेद त्याच्या समर्थकांना कळू नये, हे खेदाचे.

२४/
आणि तिसरा पक्षही आहे. पडक्या वाड्यात कॅमेरा घेऊन शिरणारा, मथळ्यावर ‘सत्यघटना’ असे रंगवणारा आणि गावाचे, घराचे, कधी जिवंत कुटुंबाचेही नाव बेधडक घेणारा. आजी ‘सत्यघटना’ म्हणत नसे. ‘असे म्हणतात’ म्हणत असे. त्या दोन शब्दांत ऐकणाऱ्याला न मानण्याची मोकळीक होती. बाजाराने पहिली ती मोकळीक काढून घेतली.

२५/
इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांपुढे म्हणूनच एक काम पडले आहे. जॅक्सनच्या मास्तरांनी जे सोडले, ते नोंदायचे. गोष्ट कोणाची, कोणाकडून ऐकली, कोणत्या गावी, कोणत्या दिवसांत सांगत, कोठे थांबत. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे नाव लिहायचे. आणि गोष्टीचे बोट जिवंत माणसाकडे वळताना दिसले, तर तेथे लेखणी थांबवायची.

२६/
कंदिलाची जागा विजेच्या दिव्याने घेतली, पडवीच्या जागी इमारतीची गच्ची आली. त्याने काही बिघडत नाही. अवसेच्या रात्री गच्चीवर दहा शेजारी जमले, प्रत्येकाने आपल्या गावची एक गोष्ट सांगितली आणि शेवटचा दिवा तेवढा जळता ठेवला, तरी परंपरा चालू आहे असे म्हणता येईल. भीतीला घरात बसायला जागा आणि उठून जायची वेळ दिली नाही, तर ती रस्त्यावर उतरते. राईनपाड्यात ती उतरली होती.

समाप्त.