पुरावा नाही, म्हणून परवाना? डनब्लेन १९९६ आणि निर्दोषत्वाच्या तत्त्वाचा गैरवापर

१/
सामूहिक गोळीबाराची घटना घडली की दोन वाक्ये ठरल्याप्रमाणे कानावर येतात. पहिले : ‘सगळी लक्षणे समोर होती, कुणी पाहिली नाहीत.’ दुसरे : ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच, आधी कुणी काय करायचे होते?’ ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत, आणि हा अर्धवटपणा किती महागात पडतो हे डनब्लेनच्या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

२/
डनब्लेन हे स्कॉटलंडमधील स्टर्लिंगजवळचे छोटे शहर. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी थॉमस हॅमिल्टन हा ४३ वर्षांचा इसम तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत शिरला. तीन-चार मिनिटांत त्याने पाच-सहा वर्षांची १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका ग्वेन मेयर यांना ठार केले, आणखी १५ जणांना जखमी केले आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

३/
त्याच्याजवळ दोन पिस्तुले, दोन रिव्हॉल्व्हर आणि ७४३ काडतुसे होती. चारही शस्त्रे परवान्याची. चोरीचा माल नाही, तस्करी नाही, बनावट कागद नाही. १९७७ पासून त्याच्याकडे शस्त्रपरवाना होता आणि पोलिसांनी तो पुन्हापुन्हा नूतनीकृत केला होता. त्यामुळे ‘शस्त्र कुठून आले’ हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. प्रश्न असा की राज्यसंस्थेने १९ वर्षे त्या कागदावर सही कशाच्या आधारावर केली?

४/
उत्तरासाठी चार टेबलांवरून जावे लागते. पहिले टेबल स्काउट संघटनेचे. १९७४ मध्ये मुलांच्या सहलींबाबत तक्रारी आल्यावर संघटनेने हॅमिल्टनचे नेतेपद काढून घेतले. कोणताही खटला झाला नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. मुलांची जबाबदारी सोपवण्याइतका विश्वास उरला आहे का, एवढाच प्रश्न होता. उत्तर ‘नाही’ असे आले. त्याने परतण्याचे प्रयत्न केले, पण दार बंद राहिले.

५/
दुसरे टेबल स्थानिक प्रशासनाचे. स्काउटचे दार बंद झाल्यावर हॅमिल्टनने स्वतःचेच मुलांचे क्लब काढले आणि त्यासाठी शाळांच्या जागा भाड्याने घेतल्या. १९८३ मध्ये सेंट्रल रीजनल कौन्सिलने डनब्लेनमधील जागा काढून घेतली. त्याने तक्रार निवारण आयुक्ताकडे दाद मागितली आणि १९८४ मध्ये तो जिंकला! कौन्सिलने नीट चौकशी न करता, त्याची बाजू न ऐकता निर्णय घेतला, असा निष्कर्ष निघाला.

६/
हा प्रसंग पुढच्या सगळ्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे. संशय चुकीचा होता असे आयुक्ताने म्हटले नव्हते. संशय हाताळण्याची पद्धत चुकीची होती. कुजबुजीवर उभारलेला निर्णय पहिल्याच आव्हानात कोसळला आणि ज्याला दूर ठेवायचे होते त्याच्याच हाती प्रमाणपत्र आले. घाईने केलेली कारवाई पुढच्या योग्य कारवाईचीही वाट अडवते, ती अशी.

७/
तिसरे टेबल अभियोक्त्याचे. १९८८ आणि १९९१ मध्ये लॉक लोमंड सरोवराच्या परिसरातील त्याच्या उन्हाळी शिबिरांबाबत तक्रारी आल्या : मुलांना मारहाण, जाचक शिस्त, केवळ पोहण्याच्या चड्डीवर काढलेली छायाचित्रे. पोलिसांनी अहवाल पाठवले. दोन्ही वेळा सरकारी अभियोक्त्याने खटला न भरण्याचे ठरवले. स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात आरोपाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची पुष्टी लागते. खटल्याचा उंबरठा तेथे मुळातच उंच आहे, आणि तो तसा असण्यात गैर काही नाही.

८/
चौथे टेबल पोलिसांचे. १९९१ च्या शिबिराचा तपास करणारे बालसंरक्षण पथकाचे डिटेक्टिव्ह सार्जंट पॉल ह्यूज यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरिष्ठांना एक टिपण पाठवले. हा माणूस कपटी आहे, विश्वासपात्र नाही. खबरदारी म्हणून त्याचा शस्त्रपरवाना काढून घेण्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असा त्याचा आशय. गोळीबार होण्याच्या चार वर्षे आधीचा हा कागद आहे.

९/
टिपण डेप्युटी चीफ कॉन्स्टेबल डग्लस मॅकमर्डो यांच्यापर्यंत पोहोचले. निर्णय : कारवाई नाही. दोषसिद्धी नाही, खटला प्रलंबित नाही; परवाना रद्द केला तर शेरीफच्या न्यायालयातील अपिलात तो निर्णय टिकणार नाही, असा त्यामागचा विचार होता. १९९२ मध्ये परवान्याचे नूतनीकरण झाले. १९९५ मध्ये पुन्हा झाले. त्यानंतरच्या महिन्यांत हॅमिल्टनने नव्याने शस्त्रे व काडतुसे घ्यायला सुरुवात केली.

१०/
‘लक्षणे कुणी पाहिली नाहीत’ हे वाक्य येथेच खोटे ठरते. लक्षणे पाहिली गेली होती, लिहिली गेली होती, योग्य अधिकाऱ्याच्या हाती पोहोचली होती. त्या अधिकाऱ्याने त्यांना चुकीचा प्रश्न विचारला. ‘याला शिक्षा होऊ शकेल का?’ हा तो प्रश्न. विचारायला हवा होता : ‘याच्या हाती बंदूक सोपवता येईल का?’

११/
आता तत्त्वाकडे. आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर आहे, आरोपीवर नाही, हा नियम इंग्लंडच्या सर्वोच्च अपील पीठाने १९३५ मध्ये वुलमिंग्टन खटल्यात ठामपणे अधोरेखित केला. कारण उघड आहे. एका बाजूला पोलीस, तुरुंग, खजिना असलेले राज्य आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस. तराजू समतोल ठेवायचा तर संशयाचा फायदा त्या माणसालाच द्यावा लागतो.

१२/
म्हणजे हे तत्त्व शिक्षेविरुद्धचे कवच आहे. कुणाचे स्वातंत्र्य, अब्रू किंवा जीव हिरावण्याआधी राज्याने काय सिद्ध केले पाहिजे, एवढेच ते सांगते. राज्याने कुणाला काय बहाल करावे, याबद्दल ते काहीही सांगत नाही. निर्दोष असणे वेगळे आणि पात्र असणे वेगळे. परीक्षेत नापास झालेला वैमानिक गुन्हेगार नसतो, पण म्हणून त्याच्या हाती विमान देत नाहीत.

१३/
ब्रिटनचा १९६८ चा शस्त्र कायदाही हेच म्हणत होता. परवाना देताना वा नूतनीकरण करताना, सार्वजनिक सुरक्षिततेला धोका न होता या व्यक्तीकडे शस्त्र राहू शकते, याची पोलीसप्रमुखाला खात्री पटली पाहिजे. तो रद्द करण्याच्या कारणांत ‘अन्य प्रकारे अपात्र’ असणे हेही होते. दोषसिद्धीची अट कुठेही नव्हती. १९९१ मध्ये परवाना रद्द करणे जड वाटले असेल, असे क्षणभर मान्य करू. १९९२ आणि १९९५ मध्ये तर नवी खात्री पटल्याशिवाय सही करायचीच नव्हती.

१४/
येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो : हे सगळे पश्चातबुद्धीचे शहाणपण नाही का? आक्षेप वजनदार आहे. १ ऑगस्ट १९६६ रोजी टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार करणाऱ्या चार्ल्स व्हिटमनने चार-पाच महिने आधी विद्यापीठाच्याच मनोविकारतज्ज्ञाला मनोऱ्यावरून माणसे टिपण्याचे विचार सांगितले होते. पण सल्ल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो मनोरा वारंवार येत असे. डॉक्टरांनी त्याला पुढच्या आठवड्यात बोलावले. तो परतला नाही. कुणाचे बोलणे खरे ठरणार, हे आधी कसे ओळखावे?

१५/
ओळखता येत नाही, आणि नेमके हेच मान्य करून लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने मार्ग दाखवला. ऑक्टोबर १९९६ च्या या अहवालात दोन निष्कर्ष शेजारीशेजारी आहेत. एक : हॅमिल्टन अशी हिंसा करील, हे भाकीत करता येण्याजोगे नव्हते. दोन : तरीही, सर्व बाजू तोलून पाहता, परवाना रद्द करण्यास आधार होता, मॅकमर्डो यांनी तशी कृती करायला हवी होती आणि पुढची नूतनीकरणेही नाकारायला हवी होती.

१६/
वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन विधानांतच खरा धडा आहे. परवाना नाकारण्यासाठी भविष्यवाणी लागत नाही. ‘हा माणूस खून करील’ हे सिद्ध करायचे नसते; ‘या माणसावर एवढा विश्वास टाकण्याजोगी नोंद नाही’ एवढे दाखवायचे असते. पहिले अशक्य आहे. दुसरे त्या नोव्हेंबरच्या टिपणात लिहिलेले होते.

१७/
मग संशय आला की कारवाई, असा नियम करावा का? मुळीच नाही. त्याच ब्रिटिश राज्यसंस्थेने, जी घरी निर्दोषत्वाच्या तत्त्वाचा अभिमान बाळगत होती, हिंदुस्थानात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करण्याचा मार्ग खुला झाला. पारधी, कैकाडी अशा समाजांतील माणसे जन्मतःच संशयित ठरली. रोजची हजेरी, हालचालींवर बंदी, सोलापूरची तारेच्या कुंपणाआडची वसाहत. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही.

१८/
या इतिहासाकडे पाहिले की फरक ठसठशीत होतो. तेथे माणसाच्या कृतीची नोंद नव्हती, जात होती. परवाना नाकारला जात नव्हता, जगणे हिरावले जात होते. आणि दाद मागायला जागाच नव्हती. म्हणून ‘लक्षणे दिसताच पकडा’ ही मागणी जेव्हा जेव्हा होते, तेव्हा तिचा पहिला बळी कोण ठरतो, हे निदान महाराष्ट्रात तरी कुणाला शिकवावे लागू नये.

१९/
व्यक्तीच्या लक्षणांवर खिळलेली नजर आणखी एक गोष्ट झाकते. १९ ऑगस्ट १९८७ रोजी इंग्लंडमधील हंगरफर्ड येथे मायकेल रायनने १६ जणांना मारले. शस्त्रे परवान्याची, गुन्ह्याची पूर्वनोंद नाही. १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. पिस्तुले मात्र क्लबांमध्ये आणि घरांमध्ये तशीच राहिली. डनब्लेनपूर्वीची सर्वांत मोठी निसटलेली सूचना ही होती, आणि ती संसदेच्या हातून निसटली.

२०/
डनब्लेननंतर पालकांनी आणि नागरिकांनी ‘स्नोड्रॉप’ मोहीम उभारली. तिच्या अर्जावर सुमारे सात लाख सह्या झाल्या. १९९७ च्या दोन कायद्यांनी, एक जॉन मेजर यांच्या आणि दुसरा टोनी ब्लेअर यांच्या सरकारच्या काळातला, खासगी हातांतील पिस्तुले जवळपास संपुष्टात आणली. दीड लाखाहून अधिक शस्त्रे सरकारजमा झाली. कुणालाही गुन्हेगार न ठरवता हे घडले, कारण परवाना परत घेणे ही शिक्षा नव्हे.

२१/
भारताचा १९५९ चा शस्त्र कायदाही याच भेदावर उभा आहे : सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी परवाना नाकारता येतो, रद्द करता येतो, लेखी कारणे नोंदवावी लागतात, अपील करता येते. लेखी कारण आणि अपील, या दोन अटीच कुजबूज आणि न्याय्य खबरदारी यांना वेगळे करतात. १९८४ मध्ये कौन्सिल हरली ती यांच्या अभावी. १९९१ मध्ये लेखी कारण समोर होते, तरी पोलीस नुसत्या अपिलाच्या भीतीने थबकले.

२२/
अपिलात हरण्याची शक्यता होतीच. पण हरलेले अपील ही अधिकाऱ्याची नामुष्की असते; न केलेल्या कारवाईची किंमत दुसरेच कुणी मोजते. म्हणून पुढच्या वेळी ती दोन ठरलेली वाक्ये कानावर आली की वाचकाने आधी एवढेच विचारावे : चर्चा शिक्षेची चालली आहे की परवान्याची? शिक्षेची असेल, तर निर्दोषत्वाच्या तत्त्वाला तसूभरही धक्का लागू देऊ नये. परवान्याची असेल, तर त्या तत्त्वाआड कुणालाही लपू देऊ नये.