परक्या मुलखातले पाहुणे

एका व्हिडिओ गेममधील नायकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाहुणा म्हणून प्रवेश करावा, हा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, २०२१ साली ‘स्ट्रीट फायटर’मधील र्‍यू ‘फ्री फायर’मध्ये पोशाखाच्या रूपाने अवतरला, तेव्हा सेलू-जिंतूरकडच्या मुलांपैकी कित्येकांना त्याच्या मूळ मुलखाची चौकशी करण्याचे प्रयोजनही वाटले नसेल. पोशाख विकणे हा व्यापार झाला, पाहुणचार निराळा. २००३ साली घरगुती यंत्रांवर आलेल्या ‘सोलकॅलिबर २’ या लढतीच्या खेळात गेमक्यूबवर ‘झेल्डा’चा लिंक, प्लेस्टेशनवर ‘टेकन’चा हेइहाची आणि एक्सबॉक्सवर कॉमिक्समधला स्पॉन अशी वाटणी होती, व तीत ग्राहकांना भुलविण्याचा हिशेब उघड असला, तरी लिंक आपले धनुष्य, बॉम्ब आणि बूमरँग घेऊनच तेथे आला होता आणि त्यांचाही वापर करून लढत होता.

आमच्या गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांतून दिसणारा विठ्ठलही पंढरपूरचे राऊळ सोडून नामदेवांच्या या दासीकडे येतो तो मिरवायला नव्हे, तर दळू लागायला. आणि पाहुण्याने जात्याचा खुंटा धरल्याखेरीज त्याच्या आगमनाला अर्थ नाही, हा दंडक मी, भाविकांची क्षमा मागून, खेळांनाही लावतो. १९९१ साली मारिओला शह देण्याकरिता निर्मिलेला सॉनिक २००७ साली त्याच्याच जोडीने ऑलिंपिकच्या खेळात उतरला. त्या जोडीमागे व्यापार होताच, पण दोघांना धावायला एक मैदानही होते.