शेवटची पंगत आधी

लग्न जमायला पत्रिका लागते, लागायला भटजी लागतो, पण पार पडायला पंगतच लागते. हे मी अनुभवानं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न लिंबागणेशला झालं. झालं म्हणजे शेवटी झालं. मधे एक वेळ अशी आली होती की वर तयार, वधू तयार, मुहूर्त तयार, आणि केवळ खुर्च्यांवरून घर फुटतंय की काय असं वाटावं.

कारण माझा पुतण्या. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतो. बहिणीच्या लग्नाआधी महिनाभर घरी आला, ओसरीवर मांडी घालून बसला आणि त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर गोल गोल वर्तुळं. मला वाटलं, बोअर कुठं घ्यायचा त्याचा नकाशा असेल. आमच्या भागात माणूस इतक्या काळजीनं फक्त बोअरचाच नकाशा बघतो.

"हे काय रे?"

"टेबलं, काका. रिसेप्शनची. साठ गोल टेबलं, एका टेबलाला आठ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढं नावाची चिठ्ठी. कोण कुठं बसणार ते आधीच ठरलेलं. गोंधळ नाही, काही नाही."

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली आमची आई मान वर न करता म्हणाली, "साठ आठं चारशे ऐंशी. आन् बाकीचं गाव काय उपाशी मारायलास का रं?"

पुतण्या इंजिनिअर आहे, आजी शाळेत गेलेली नाही; पण गुणाकार तिचा आधी झाला होता.

आता हे शहरातल्या वाचकांना जरा समजावून सांगायला हवं. तुमच्याकडं निमंत्रण असतं, आमच्याकडं आवतन असतं. निमंत्रण माणसाला देतात, आवतन चुलीला देतात. 'चूलबंद' आवतन म्हटलं की त्या घरची चूल त्या दिवशी पेटायची नाही. घरात पाच माणसं असोत की पंधरा, वर पाव्हणा म्हणून आलेला मेहुणा असो, सगळे आले. चुलीला खुर्ची कशी देणार? तिच्या नावाची चिठ्ठी कशी लिहिणार? दुसरं आमचं माप म्हणजे कोयता. आमचा जिल्हा ऊसतोडीचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कारखान्यांचा पट्टा पडला, टोळ्या गावाकडं परतल्या, की मग आमच्याकडं लग्नांचा खरा जोर. टोळी कधी पोचेल हे मुकादमालाही नक्की सांगता येत नाही, आणि माझा पुतण्या विचारत होता, "काका, पंधरा दिवस आधी होकार कळवतील ना सगळे?" मी म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडं होकार म्हणजे जेवून दिलेला ढेकर. तो जेवणाआधी मिळत नसतो."

तरी मी त्याला एक संधी दिली. म्हटलं, एक टेबल बसवून दाखव. एकच. नवरीकडच्या खाशा आठ जणांचं. त्यानं बसवलं. मामाशेजारी आत्याचे यजमान. भाऊ किंचाळला, "ते दोघं बांधाच्या वादात तारखा लढवायलेत!" आत्याच्या यजमानांना हलवलं तर ते चुलतभावाशेजारी आले. चुलतभावानं मागच्या लग्नात म्हणे त्यांना फेटाच बांधला नव्हता. चुलतभावाला दुसऱ्या टेबलावर नेलं तर सगळी भावकी उठून त्याच्यामागं जाणार. गणित करणाऱ्यांनी सांगून ठेवलंय की एका गोल टेबलाभोवती आठ माणसं पाच हजार चाळीस प्रकारांनी बसवता येतात. खरं असेल. आमच्याकडं त्यातले पाच हजार एकोणचाळीस कोणाला ना कोणाला चालत नाहीत, आणि उरलेला एक मला चालत नाही.

गोल टेबलाला डोकं नसतं, म्हणून मानपान होत नाही, असा पुतण्याचा दावा होता. हा दावा जगात पुष्कळांनी करून पाहिला आहे. लंडनला १९३० ते १९३२ या काळात तीनदा गोलमेज परिषद भरली. मेजाला कोपरे नव्हते, पण वादाला होते. त्याहून मोठी गंमत पॅरिसची. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, रोज माणसं मरत होती, आणि १९६८ च्या अखेरीस वाटाघाटीला जमलेली मुत्सद्दी मंडळी, टेबल कोणत्या आकाराचं असावं यावर अडून बसली. आठवडेच्या आठवडे गेले. अखेर जानेवारी १९६९ मध्ये ठरलं: मधे एक गोल टेबल, आणि बाजूला कारकुनांसाठी दोन चौकोनी. वाचकहो, हे वाचलं तेव्हा मला पॅरिस एकदम मांजरसुंब्याच्या पलीकडं असल्यासारखं वाटलं. भावकी सगळीकडं सारखीच!

बंदोबस्त आधी कागदावर उतरवायची हौस आपल्यालाही नवी नाही. १७८३ साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं, तेव्हा नाना फडणविसांनी कामांच्या याद्या करून माणसं नेमून दिली होती. पण नानांच्या हाताशी पेशव्यांची दौलत होती. आमच्या हाताशी मंडपवाल्याची चार पोरं आणि पाण्याचा एक टँकर.

तेव्हा मी त्या वर्तुळांच्या विरुद्ध आणि पंगतीच्या बाजूनं उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे बोललो. गुडघ्यांमुळं हल्ली मी तत्त्वासाठीसुद्धा फार वेळ उभा राहत नाही. म्हटलं, पंगतीइतका पक्का आराखडा कुठल्या इंजिनिअरनं काढून दाखवावा. पट्ट्या अंथरायच्या. दोन ओळी समोरासमोर तोंड करून, मधे वाढप्याला बादली घेऊन वाकून चालता येईल एवढी वाट. पुढच्या दोन ओळींची पाठ यांच्या पाठीला. येईल तो बसतो, बसेल त्याच्यापुढं पत्रावळ. माणूस वाढला की ओळ वाढते. आठच्या टेबलावर नववा आला तर तो परका होतो; पंगतीत नववा आला तर आठ जण जरा जरा सरकतात. 'सरका की थोडं' या तीन शब्दांत आमचं अख्खं नियोजन आहे. आणि पंगतीत शेजारी निवडता येत नाही. ज्याच्याशी बांधाचा वाद, त्याच्याच मांडीला मांडी लागते. वरण येईपर्यंत माणूस फुगून बसतो, पण मीठ त्याच्याकडं असतं. मागावंच लागतं.

पत्रावळ बघा. बालाघाटाच्या डोंगरात पळस काही कमी नाही. मधे थर्माकोलची चकचकीत ताटं आली, तेव्हा पळसाची पत्रावळ मागासलेली ठरली. २०१८ साली सरकारनं थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली आणि पत्रावळ एकदम पर्यावरणवादी झाली. तिचं काही बदललं नव्हतं. काही माणसांचंही असंच असतं. थांबून राहिलं की जग फिरून त्यांच्याकडं येतं. मी पुतण्याला हे ऐकवलं आणि स्वतःवरच खूश झालो.

घात तिथंच झाला. लॅपटॉप मिटत पुतण्या म्हणाला, "ठीक आहे काका. पंगत तर पंगत. मग एवढंच सांगा, पहिल्या पंगतीला कोण बसणार आणि शेवटच्या पंगतीला कोण?"

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

पहिल्या पंगतीला कोण बसतं ते सगळ्यांना माहीत आहे. व्याही, जावई, भावकीतले वडीलधारे, आणि पुढारी. पुढाऱ्यांचं तर काय सांगावं! ते येईपर्यंत मुहूर्त थांबतो. मुहूर्त पंचांगात बारा पस्तीसचा असतो, पण पंचांगकर्त्याला पुढाऱ्याची गाडी कुठल्या लग्नात अडकली आहे हे कुठून ठाऊक? मग ते येतात, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसतात, शाल-नारळ घेतात, वधूवरांना शुभाशीर्वाद म्हणून पाटपाण्याच्या योजना सांगतात, आणि न जेवताच पुढच्या लग्नाला जातात. सोफा रिकामा राहतो, पण त्यावर दुसऱ्या कोणाला बसू देत नाहीत. सोफ्यालाही मान असतो.

आणि शेवटच्या पंगतीला? आचारी. पहाटेपासून पुऱ्या लाटणाऱ्या बाया. वाजंत्रीवाले, मंडपाची पोरं, टँकरचा ड्रायव्हर, उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्या मावश्या. आणि घरच्या बायका. त्यांच्यापर्यंत येईतो बुंदीचा चुरा झालेला असतो, वरणात पाणी आणि पाण्यात वरण कोणतं ते ओळखू येत नाही, वांग्याच्या भाजीचा नुसता रस्सा उरतो. मी माझ्या आईला उभ्या आयुष्यात एकाही लग्नात पहिल्या पंगतीला बसलेली पाहिलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नातही नाही. मी त्या दिवशी जिलबी खाल्ली होती. ती संपली होती हे आईनं मला सतरा वर्षांनी, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलताना सांगितलं.

तर वाचकहो, ज्या पंगतीची मी एवढी आरती ओवाळत होतो, तिची ओळ सरळ होती, पण रांग वाकडी होती. टेबलावर चिठ्ठी लावून जो मानपान पुतण्या करणार होता, तोच आम्ही चिठ्ठी न लावता पिढ्यान् पिढ्या करत आलो. त्याची निदान वाचता तरी आली असती.

आणि हे सांगणारा काही मी पहिला नाही. आमच्या मराठवाड्यातच, पैठणला, एकनाथांची गोष्ट सांगतात. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, दाराबाहेर भुकेली माणसं वासानं थांबली, नाथांनी ताटं आधी त्यांच्यापुढं मांडली. निमंत्रित रुसून गेले. नाथांनी शास्त्र मोडलं नव्हतं, फक्त पंगतींचा क्रम बदलला होता. पण गावानं वाळीत टाकायला तेवढं पुरतं. पुढं गेल्या शतकात अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली, तेव्हाही लोकांना झुणका खटकला नाही, शेजारी खटकला. जेवणात काय आहे यावरून भांडणं कमी होतात. कोणाआधी आणि कोणाशेजारी, यावरून घरं फुटतात.

एप्रिल २०२१ आठवतो ना? साथीच्या त्या दिवसांत सरकारनं हुकूम काढला होता: लग्नाला माणसं पंचवीस, वेळ दोन तास. सगळ्या महाराष्ट्राची यादी सरकारनंच करून दिली! मी तेव्हा एका लग्नाची पंचवीस नावं लिहायला मदत केली होती. आज तो कागद आठवला की कान तापतात. त्यात चार चुलते होते, दोन मामा होते, एक माजी सरपंच होता. नवरीची आजी नव्हती. कोणी मुद्दाम गाळली नव्हती. 'ती काय, घरचीच' असं म्हणता म्हणता पंचवीस भरले. घरच्या माणसाला जागा धरावी लागत नाही असं आपण म्हणतो. म्हणजे जागा देत नाही.

म्हणून मी जाहीर केलं: पंगतच. पण शेवटची आधी.

घरात जो कल्लोळ झाला तो विचारू नका. भाऊ म्हणाला, "व्याही रुसले तर?" मी म्हटलं, पोरगी देतोय, अर्धा तास थांबायला काय झालं? चुलते म्हणाले, "वाढपीच जेवायला बसल्यावर वाढणार कोण?" हा मात्र बिनतोड प्रश्न होता. मी म्हटलं, "आपण." चुलत्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना ऊस तोडायला चला म्हटलं. आमचे भालचंद्र गणपती गावातच आहेत. जेवून परतणाऱ्या गणपतीच्या पोटाला चंद्र हसला आणि शाप घेऊन बसला. त्या चंद्रानं शाप फिटावा म्हणून इथंच तप केलं, असं सांगतात. मी म्हटलं, ज्या गावात जेवणाऱ्याला हसणाऱ्या चंद्राची गय झाली नाही, त्या गावात वाढणाऱ्याला शेवटी बसवणाऱ्यांचं काय होईल, विचार करा. चुलते देवभोळे आहेत. गप्प झाले.

लग्न लागलं. मी वरणाची बादली घेतली, पुतण्यानं पुऱ्यांचं टोपलं. बँडवाल्यांनी आधी बसायलाच नकार दिला. त्यांना वाटलं, बिदागी बुडवायचा हा नवा डाव आहे. पुऱ्या लाटणाऱ्या बाया पदरात तोंड लपवून हसत बसल्या. व्याही मंडपाच्या खांबाला टेकून बघत होते. दहा मिनिटांनी ते पुढं आले आणि म्हणाले, "बादली द्या हिकडं. तुम्हाला वाढता येईना गेलंय, समदं वरण पत्रावळीच्या भाईर सांडायलंय." रुसणारा माणूस वाढायला लागला की रुसवा धरायला त्याला हातच राहत नाही.

पुतण्याची साठ टेबलं रद्द झाली. तीन ठेवली, ज्यांना मांडी घालता येत नाही अशांसाठी. चौथ्या पंगतीनंतर मीही तिथंच बसलो. चिठ्ठी नव्हती.

आईला मी हाताला धरून पहिल्या ओळीत, आचाऱ्याशेजारी बसवली होती. वाटलं, एवढ्या वर्षांचं फेडलं. कसलं काय! ती पत्रावळीपुढं बसली खरी, पण घास काही तोंडापर्यंत जाईना. दर दोन मिनिटांनी अर्धी उठायची. "त्या कडंच्या पोराला भात नाही आला. आरं, ड्रायव्हरला तूप वाढा की!" मी हात जोडून म्हटलं, "आई, आज तू जेव. आज तुझी पहिली पंगत आहे."

ती गपकन खाली बसली, बुंदीचा घास घेतला, चावून बघितला आणि म्हणाली, "असली लागती व्हय रं ही? गरम असताना?"